न फुटलेला पाट

गेल्या दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मी माझ्या पुतण्यावर रागावलो. राग रास्त आहे असे मला त्या वेळी वाटले होते. चौरंग मांडला होता, केरसुणीला हळदकुंकू लागले होते, लाह्या-बत्तासे वाटीत भरून ठेवले होते, जळगावच्या आमच्या गल्लीत फटाक्यांची पहिली माळ वाजून गेली होती. आणि पुण्याहून वर्षातून एकदा घरी येणारा हा मुलगा माजघरातल्या पलंगावर मांडीवर लॅपटॉप घेऊन बसला होता. मधूनच तो कोणाशी तरी हलक्या आवाजात दोन वाक्ये बोले, पडद्यावर वरखाली होणाऱ्या रेघांकडे पाही आणि पुन्हा गप्प होई. त्याची काकू दोनदा हाक मारून गेली. तिसऱ्या खेपेस मीच उठलो आणि म्हणालो, "अरे, आजच्या दिवशी तरी ते मिटून ठेव. एवढे काय चालले आहे तिथे?"

तो हसला. म्हणाला, "काका, काहीच चाललेले नाही. काही होऊ नये म्हणून बसलोय."

मी देवघराकडे परतलो. पण हातातली फुले वाहताना ते वाक्य मनातून जाईना. कारण ते मी पूर्वी ऐकले होते. फार पूर्वी, आणि दुसऱ्या बोलीत.

माझे आजोबा धुळे जिल्ह्यात पांझरेकाठच्या एका गावी फडाचे जागले होते. फड म्हणजे काय, हे आमच्या खानदेशाबाहेर फारसे कोणाला ठाऊक नसते, म्हणून थोडे सांगतो. पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर जुन्या लोकांनी दगडी बंधारे घातले आणि त्यांतून पाट काढले. ही रीत तीनशे वर्षांहून जुनी मानतात. पाटाखालच्या जमिनीचे बहुधा तीन-चार भाग पाडायचे. तो एकेक भाग म्हणजे फड. एका फडात एका हंगामाला एकच पीक. जमिनीचे मालक अनेक, पीक एक आणि पाणी देणारा हातही एक. आपल्या शेताला आपल्या हाताने पाणी घ्यायचे नाही, हा या रीतीचा कणा. पाटाच्या पाण्याची व्यवस्था पाटकरी पाही, वाफ्यावाफ्यात पाणी फिरवण्याचे काम बारेकरी करी, त्यांच्यावर हवालदार असे, आणि पिकावर व पाटावर रात्रीची नजर ठेवणारा तो जागल्या. वर्षातून एकदा सारे शेतकरी मिळून पाटातला गाळ काढीत. नोकरांचा मोबदला रोख नसे. सुगीला प्रत्येक शेतकरी आपल्या धान्यातून ठरलेला वाटा देई.

मी सात-आठ वर्षांचा असेन. आजोबा कांबळे, काठी आणि कंदील घेऊन रात्री निघत आणि उजाडता परत येत. मी एकदा विचारले, "तुम्ही तिथे रात्रभर करता काय?" आजोबा म्हणाले, "मी जागस म्हनीसन गाव जपस." अहिराणीत जपणे म्हणजे झोपणे. मी जागतो म्हणून गाव झोपते. मला ते उत्तर पटले नव्हते. शेजारचा सुतार दिवसाकाठी एक खाट तरी करी. आजोबा सकाळी परत येत तेव्हा त्यांच्या हातात दाखवण्यासारखे काही नसे.

पूजा झाली, फराळाची ताटे पुढे आली, तेव्हा मी पुतण्याला म्हटले, "आता नीट सांग. तू कशावर जागतोस?"

त्याने सांगितले ते असे. मोबाइलवरून जे पैसे इकडून तिकडे जातात, त्यांच्या वाटेवर कुठेतरी त्याच्या कंपनीची यंत्रे आहेत. एक-दोन नव्हेत, हजारोंनी. त्याच्या गटाकडे नवे काही बनवण्याचे काम जवळजवळ नाही. जे आहे ते चालू राहील एवढेच पाहायचे. एवढी यंत्रे म्हटली की रोज कुठले तरी मरतेच. ते मेले हे कोणाला कळू नये अशी आधीच तजवीज करायची. ज्या परवान्यांवर यंत्रे एकमेकांना ओळखतात त्यांची मुदत संपण्यापूर्वी ते बदलायचे. माहितीच्या प्रती काढून ठेवायच्या आणि त्या प्रतींवरून सारे पुन्हा उभे करता येते की नाही, याची रंगीत तालीम करायची. नवी आज्ञा आली तर ती आधी थोड्या यंत्रांना द्यायची, थांबून पाहायचे आणि मगच बाकीच्यांना. शितावरून भाताची परीक्षा, तसेच. सणाच्या आधी तर नवे बदल बंदच ठेवायचे. आणि पाळीपाळीने एकाने उशाशी फोन घेऊन झोपायचे. रात्री तीनला तो वाजला तर उठून बसायचे.

मी जन्मभर धुळ्याला गणित शिकवले. त्यामुळे त्याने जेव्हा सांगितले की त्यांच्या धंद्यात शंभरापैकी नव्याण्णव गुण म्हणजे नापास, तेव्हा मी कागद-पेन्सिल घेतली. वर्षाची मिनिटे ५,२५,६००. सेवा ९९.९ टक्के वेळ चालली तर वर्षात पावणेनऊ तास बंद. ९९.९९ टक्के म्हटले तर बंद राहण्याची मुभा ५३ मिनिटांहूनही कमी. आणखी एक नऊ जोडला की उरतात सव्वापाच मिनिटे, तीही साऱ्या वर्षात मिळून. २०१६ साली सुरू झालेल्या यूपीआयवरून २०२५ च्या ऑगस्ट महिन्यात २,००० कोटींहून अधिक व्यवहार झाले. म्हणजे दिवसाला सुमारे साडेचौसष्ट कोटी. त्यांतला दहा हजारांत एक अडला, तरी रोज साठ हजारांवर माणसे दुकानासमोर खिसे चाचपत उभी राहतील. त्यांत कोणी औषधाच्या दुकानापुढचा असेल, कोणी रात्रीच्या शेवटच्या बसमध्ये चढलेला असेल. आमच्या कोपऱ्यावरचा केळीवाला गाडीवरच्या खुणेच्या कागदाकडे बोट दाखवतो, मोबाइल 'आले' म्हणतो आणि मी केळी घेऊन चालू लागतो. या साऱ्या खटाटोपाचे माझ्या बाजूचे दर्शन एवढेच.

येथे माझा खरा प्रश्न सुरू होतो. जे बिघडले नाही, त्याचे श्रेय कोणाचे?

प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. कृतज्ञतेला नेहमी एक प्रसंग लागतो. बुडणाऱ्याला कोणी वाचवले, आगीतून मूल काढले, रात्री-अपरात्री डॉक्टर आला, की आपले हात आपोआप जुळतात. पण विहिरीला कठडा होता म्हणून मूल पडलेच नाही, तर हात कोणाला जोडायचे? पडले नाही ते मूल कोणते हेही आपल्याला ठाऊक नसते. संकटातून सोडवणाऱ्याला नाव असते, तारीख असते, साक्षीदार असतात. संकट येऊच न देणाऱ्याजवळ यांपैकी काहीच नसते. आणखी विचित्र गोष्ट अशी, की त्याचे काम जितके चांगले तितका त्याच्याविषयीचा पुरावा कमी. काम परिपूर्ण झाले, तर पुरावा शून्य. आणि मग शून्य पुराव्याच्या आधारे एखादा व्यवहारी माणूस उभा राहून विचारतो, की मुळात या माणसाची गरज होती कशाला?

मोठ्यांचेही असेच होते. विश्वेश्वरय्या १८८४ साली मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात लागले आणि लवकरच खानदेशात धुळ्याकडे आले. पांझरेच्या पाटाच्या कामात नळांचा सायफन बांधणे हे त्यांच्या अगदी पहिल्या कामांपैकी एक. सायफन म्हणजे पाणी एका काठाला नळात शिरते, प्रवाहाच्या तळाखालून जाते आणि पलीकडच्या काठाला आपल्याच दाबाने वर येते. त्यांचे नाव निघाले की आपण खडकवासल्याच्या स्वयंचलित दरवाजांविषयी किंवा म्हैसूरच्या कृष्णराजसागराविषयी बोलतो, कारण ती कामे डोळ्यांना दिसतात. नदीच्या पोटाखालून गेलेल्या नळाजवळ उभे राहून कोणी छायाचित्र काढून घेत नाही. पण पलीकडच्या शेताला भिजवणारे पाणी त्या न दिसणाऱ्या नळातूनच येत होते.

यावर पहिला आक्षेप असा, की या लोकांना पगार मिळतो. मग आणखी आभार कशाचे? आक्षेप खोटा नाही. मला आभारांचे समारंभ नकोच आहेत. पण पगार किती द्यावा आणि द्यावा की नाही, हेही शेवटी आपण काय पाहतो यावरच ठरते. न दिसणाऱ्या कामाचा पगार हा काटकसरीच्या कात्रीखाली येणारा पहिला पगार असतो. दुसरा आक्षेप अधिक वरच्या पातळीवरचा. फळाची आशा न धरता केलेले कर्म श्रेष्ठ, मग जागल्याला कोणी ओळखले नाही म्हणून बिघडले काय? मला वाटते, येथे आपण एक चलाखी करतो. निष्काम कर्म हा ज्याचा त्याने स्वतःला करायचा उपदेश आहे. ज्याच्या कष्टावर आपण निवांत झोपतो, त्याला तो आपण करायचा नसतो. आजोबांनी वाटा मागितला नसता तर तो त्यांचा मोठेपणा झाला असता. गावाने तो दिला नसता तर ती चोरी झाली असती.

हे सारे मी मोठ्या अधिकाराने सांगतो आहे असे वाटू नये, म्हणून माझी एक गोष्ट सांगणे भाग आहे.

आमच्या गृहनिर्माण संस्थेचा मी काही वर्षे खजिनदार होतो. दर रविवारी एक माणूस येई. पाण्याचा पंप उघडून पाही, जाळी साफ करी, कुठे वंगण घाली, वायरीची टोके घट्ट करी, आणि अर्ध्या तासात निघून जाई. त्याला महिन्याला ठरीव पैसे होते. एका वार्षिक सभेत खर्च कमी करण्याचा विषय निघाला. मी उभा राहिलो आणि आकडेवारीसह म्हणालो, "गेल्या दोन वर्षांत पंप एकदाही बंद पडलेला नाही. मग या गृहस्थाला आपण कशाचे पैसे देतो?" सभा हसली. ठराव एकमताने मंजूर झाला. गणिताच्या शिक्षकाला आपल्या तर्कातली चूक दिसली नाही आणि जागल्याच्या नातवाला आपले आजोबा आठवले नाहीत.

पुढच्या मे महिन्यात पंप जळाला. जळगावचा मे ज्यांनी पाहिला आहे त्यांना अधिक सांगायला नको. टँकर खाली उभा राही आणि लोक बादल्या वर नेत. तिसऱ्या मजल्यावर एक वृद्ध बाई एकट्या राहत. दुसऱ्या दिवशी त्या बादली घेऊन जिन्यात घसरल्या आणि त्यांचे मनगट मोडले. मी त्याच माणसाच्या घरी गेलो. तो एका शब्दानेही लागेल असे बोलला नाही. आला, दीड दिवस खपला, आणि पंपाचा आवाज सुरू झाला तेव्हा अंगणात जमलेल्या सभासदांनी टाळ्या वाजवल्या. दोन वर्षे त्याने पंप बिघडू दिला नव्हता, तेव्हा एकही टाळी वाजली नव्हती. त्या वर्षीच्या हिशेबात दुरुस्तीचा खर्च मी बिनचूक लिहिला. त्या मनगटाची रक्कम कोणत्या खात्यावर टाकायची, ते मला अजून ठरवता आलेले नाही.

ही गोष्ट ऐकून पुतण्या म्हणाला, "काका, आमच्या जगात हे जगाएवढे मोठे होते." त्याने सांगितलेल्या दोन हकिगती विसरण्यासारख्या नाहीत, आणि दोन्ही २०२४ सालच्या. जुलैच्या १९ तारखेला क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षेच्या कंपनीची एक सदोष दुरुस्ती जगभर एकदमच रवाना झाली. शीत दाबून न पाहता पातेले पंगतीत वाढले गेले. सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले. आपल्याकडच्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले प्रवेशपत्र द्यावे लागले. ही हकिगत साऱ्या जगाला कळली. दुसरी त्याच वर्षीच्या मार्चमधली; ती मात्र घडता घडता राहिली, म्हणून फारशी कोणाला माहीत नाही. आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या एका अभियंत्याला दिसले, की दूरच्या यंत्रात प्रवेश करताना नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो आहे. अर्धा सेकंद! दुसरा कोणी म्हणाला असता, असेल काहीतरी. हा खोदत गेला. तेव्हा सापडले, की माहिती दाबून लहान करणाऱ्या, असंख्य यंत्रांत वापरल्या जाणाऱ्या एका फुकट उपलब्ध साधनात कोणीतरी चोरदरवाजा बसवला आहे. तो जगभर पोचण्याच्या बेतात होता.

पण त्याच्या हुशारीपेक्षा माझ्या मनात राहिली ती आधीची गोष्ट. ते साधन अनेक वर्षे मुख्यतः एकच माणूस सांभाळत होता, फावल्या वेळात, बिनपगारी. तो थकला होता. तुझे काम मंद चालले आहे, दुसऱ्या कोणाच्या हाती दे, असा तगादा लावणारे लोक होते. मदतीचा हात पुढे करणारा एक अनोळखी माणूसही होता. त्याने दोन वर्षांहून अधिक काळ खपून विश्वास मिळवला, आणि चोरदरवाजा बसवला तो त्यानेच. एवढ्या मोठ्या जगाचा पाट एका माणसाच्या काठीवर आणि कंदिलावर चालला होता. सुगीला वाटा कोणी दिला नव्हता. तेल संपत आल्यावर चोराने येऊन कंदील धरायला हात पुढे केला, यात आश्चर्य कसले?

मी पुतण्याला विचारले, "आणि तुमच्यापैकी कोणाच्या हातून चूक झाली तर?" त्याने सांगितले, की चांगल्या ठिकाणी अशा वेळी सारे एकत्र बसतात आणि कोणी केले हे न विचारता, असे घडणे शक्य कसे झाले, हे विचारतात. माणूस चुकणारच, एका माणसाच्या एका चुकीने सारे कोसळत असेल तर बांधणीतच खोट आहे. ऐकताना माझ्यातला मास्तर जागा झाला. शिक्षा नाही तर शिस्त कशी राहील? पण मग मला पाटाच्या बांधातली खेकड्यांची बिळे आठवली. बीळ बोटाएवढे असते तेव्हा मूठभर चिखलाने बुजते. लपवले तर चार रात्रींत पाट फुटतो. रात्री दार ठोठावून बीळ सांगणाऱ्याला 'तुझे लक्ष कुठे होते?' असे आमच्या गावात कोणी प्रथम विचारीत नसे. प्रथम कुदळ घेऊन निघत. निष्काळजीपणा हा दोष आहेच. पण भीतीने लपवलेले बीळ हा त्याहून मोठा धोका आहे, आणि ती भीती बहुधा आपणच पेरलेली असते.

म्हणून मला वाटते, न घडलेल्या गोष्टींचे ऋण स्तुतीने फिटत नाही. स्तुतीला प्रसंग लागतो, आणि येथे प्रसंगच नाही. ते फेडायचे तर आधीच, डोळे मिटून, रिवाज म्हणून फेडावे लागते. आमच्या फडाने हे ओळखले होते. किती चोर पकडले, किती वेळा पाट वाचवला, हे मोजून जागल्याचा वाटा ठरत नसे. तसे मोजले असते तर फार तर त्याने पाट फोडून मग बुजवायला शिकला असता. काही झाले नाही त्या वर्षीही वाटा मिळे; खरे तर तो त्याचसाठी होता. आणि गाळ काढायला साऱ्यांनी जायचे, यातही शहाणपण होते. वर्षातून एक दिवस का होईना, आपल्या पायांना चिखल लागला की पाट आपोआप वाहत नाही, हे वर्षभर लक्षात राहते.

पुढे वरच्या अंगाला धरणे झाली, नदीचे बारमाही पाणी ओसरले, विहिरींवर मोटारी बसल्या. कुठे कुठे फड अजून चालतात. आमच्या गावचा चालत नाही. जागल्याचा वाटा बंद करा असा ठराव कोणी केला नव्हता. ज्याचे त्याचे पाणी ज्याच्या त्याच्या विहिरीत आले, आणि वाटा द्यायचा राहून गेला. मग गाळ काढायचा राहिला. बंधारा अजून उभा आहे. पाटात बाभळी वाढल्या आहेत.

त्या रात्री मी उशिरा पाणी प्यायला उठलो. गल्लीतले दिवे विझत आले होते. माजघरात पडद्याचा निळसर उजेड होता आणि मुलगा भिंतीला टेकून बसला होता. भुसावळकडून येणाऱ्या गाडीची शिट्टी ऐकू आली. रुळांच्या कळा तपासत मैलोगणती चालणारा कोणी तिथे होता, दीपनगरच्या वीजकेंद्रात कोणी घड्याळांवर नजर ठेवून होता, आणि त्यांच्यातलाच एक माझ्या घरात बसला होता. मराठीत जपणे म्हणजे सांभाळणे आणि माझ्या आजोबांच्या बोलीत जपणे म्हणजे झोपणे. एवढ्या वर्षांत हे दोन अर्थ मी कधी शेजारी ठेवून पाहिले नव्हते. ज्याला कोणी सांभाळते आहे, तोच झोपू शकतो.

या वर्षीही त्याची पाळी लक्ष्मीपूजनालाच आली आहे, असे त्याने कळवले आहे. त्याच्या काकूने चौरंग माजघरातच मांडायचे ठरवले आहे, म्हणजे त्याला उठावे लागणार नाही. आणि अकरानंतर मी त्याच्याजवळ बसणार आहे. त्या रेघांतले मला काही कळत नाही. पण आजोबांच्या कंदिलाजवळ बसे, तेव्हाही मला पाण्यातले फारसे काही कळत नव्हते.